कामगारांसाठी भाड्याची घरं, बेळगाव परिसर: सामाजिक गुंतवणुकीचं गणित नेमकं कुठं बसतं?

मूळ लेख : ताळेबंद

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा या पट्ट्यातल्या फौंड्रीत आणि मशिन शॉपमध्ये राबणारे बरेच जण अनगोळ, मजगाव, पिरनवाडीकडच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. वर पत्रा, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, चार-पाच बिऱ्हाडांत एक संडास. चंदगड, खानापूरकडून आलेली पोरं एका खोलीत पाच-सहा. यापेक्षा बरी घरं बांधायची तर पैसा कुठून, यावर हल्ली सामाजिक गुंतवणुकीचं नाव निघतं. समाजाचं काम व्हावं आणि पैसे घालणाऱ्याला थोडा परतावाही मिळावा, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण इथल्या भाड्यांवर गणित मांडून बघितल्याशिवाय कुणी पैसे गोळा करायला निघू नये, म्हणून हा धागा. खालचे दर हिशोबासाठी धरलेले आहेत, आपापल्या गावचे दर घालून बघा.

जागा २० गुंठे, तळमजला अधिक दोन मजले. कुटुंबांसाठी ३६ घरं, प्रत्येकी ३२ चौ. मीटर चटई क्षेत्राची. भिंती, जिना, व्हरांडा धरून घरामागं ४३० चौ. फूट. शिवाय एकट्या कामगारांसाठी ६० कॉटचं वसतिगृह, कॉटमागं ७५ चौ. फूट. एकूण बांधकाम २०,००० चौ. फुटांच्या आसपास. १,७५० रुपये दरानं साडेतीन कोटी. पाणी, सांडपाणी, रस्ता, वीज कंपनी हेस्कॉमचा ट्रान्सफॉर्मर मिळून ४५ लाख. नकाशे, परवानग्या, बांधकाम चालू असतानाचं व्याज आणि राखीव रक्कम ३५ लाख. जमीन सोडून ४ कोटी ३० लाख.

आता आवक. घराला ४,५०० रुपये भाडं, कॉटला १,८००. घरांचे वर्षाला १९.४४ लाख, कॉटचे १२.९६ लाख, एकूण ३२.४ लाख. ८ टक्के जागा रिकामी राहणार असं धरा. वॉचमन, पाणी, उपसा, रंगरंगोटी, घरपट्टी, विमा यांना एकूण भाड्याच्या २२ टक्के. हातात उरतात २२.७ लाख, म्हणजे खर्चावर ५.३ टक्के.

६ लाख गुंठ्यानं जमीन विकत घेतली तर खर्च साडेपाच कोटींवर जातो आणि उत्पन्न ४.१ टक्क्यांवर येतं. ते सगळे पैसे साडेनऊ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जातून आणले, तर वर्षाचा हप्ता होतो साडेएकसष्ट लाख. आवक २२.७ लाख. कंत्राटदाराशी कितीही घासाघीस करा, ही दरी बुजत नाही.

बसतं ते असं: जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. कर्ज फक्त दीड कोटी. त्याचा हप्ता वर्षाला १६.८ लाख, म्हणजे हप्त्याच्या १.३५ पट आवक राहते आणि बँक बोलायला तयार होते. २ कोटी २० लाख धीराचं भांडवल, म्हणजे कमी परताव्यावर बरीच वर्षं थांबायला तयार असलेल्यांचे पैसे; त्याला पहिल्या वर्षी २.७ टक्के मिळतील. उरलेले ६० लाख अनुदान. भाडं आणि खर्च दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले, तर पाचव्या वर्षी धीराच्या भांडवलाला ४.९ टक्के मिळू लागतात, कारण हप्ता तेवढाच राहतो. कर्ज फिटलं की पुढची सगळी आवक त्यांचीच.

म्हणून कामगारांच्या भाड्याच्या घरांत १२ टक्के परतावा देतो असं कुणी म्हणालं, तर वही काढून त्याच्यासमोर हिशोब करा. ४.३० कोटींवर १२ टक्के द्यायचे तर साडेचार हजारांचं घर दहा हजारांच्या वर न्यावं लागतं. ते भाडं १८ हजार पगाराचा मोल्डर भरू शकत नाही. तिथं राहायला दुसरंच कुणीतरी येणार.

अजून एक गोष्ट नजरेतून सुटू नये. वसतिगृह बांधकामाच्या २२ टक्के जागेत आहे, पण भाड्यातला ४० टक्के वाटा तिथून येतो. कुटुंबांची घरं स्वस्त ठेवायची तर कॉट बेसिसचा भाग आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा.

प्रतिसाद : मजगावकर

गणित समजलं. पण ३० वर्षांसाठी २० गुंठे देणार कोण? हलगा–मच्छे बायपाससाठीच्या भूसंपादनाच्या वादानंतर जमीन हातची जाईल ही धास्ती या भागात घरोघरी आहे.

प्रतिसाद : ताळेबंद

त्या धास्तीमुळंच विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याचं बोलणं सोपं जातं. नाव मालकाचंच राहतं. एकूण भाड्याच्या ६ टक्के जमीनभाडं ठरवलं तर पहिल्या वर्षी १.९ लाख होतात. भाडं वाढेल तसं तेही वाढतं आणि ३० वर्षांनी इमारत मालकाच्या ताब्यात जाते. याचा भार धीराच्या भांडवलावर पडतो: पहिल्या वर्षीचे २.७ टक्के १.८ वर येतात. हे गुंतवणूकदाराला पहिल्याच बैठकीत सांगायचं.

पट्ट्यात दोन कलमं नसली तर बँक दारातूनच परत पाठवते. पहिलं, भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवायला मालकाची आगाऊ संमती. दुसरं, मालक वारला किंवा वाटणी झाली तरी पट्टा वारसांवर बंधनकारक. सह्या सगळ्या हिस्सेदारांच्या घ्या, बहिणींच्यासुद्धा. बहिणींची सही राहिली म्हणून अर्ध्यावर थांबलेल्या इमारती या तालुक्यात शोधायला लांब जावं लागत नाही.

प्रतिसाद : अकरावा रकाना

जमिनीवर सविस्तर लिहितो, कारण बांधकामाच्या चुका दुरुस्त करता येतात, कागदाच्या चुका इमारतच थांबवतात.

आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) लोक नवव्या रकान्यातलं मालकाचं नाव बघतात आणि थांबतात. अकरावा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, 'हस्तांतरणास बंदी' असा शेरा, सगळं तिथं असतं. उतारा कानडीत असतो; अंदाजानं वाचू नका, ओळ न् ओळ वाचून घ्या. एकाच सालचा उतारा पुरत नाही. फेरफारांची साखळी आणि ३० वर्षांचा ईसी (बोजा दाखला) जुळवायचा. हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं मागं गेलात तर कागद मराठीत आणि आणखी मागं मोडीतही निघतात. वतन, इनाम, देवस्थान असं काही तिथं दिसलं तर पुढचा पैसा खर्च करण्याआधी तहसील कार्यालयातून खुलासा घ्या.

तीन प्रकारच्या जमिनींपासून सांभाळा. एक, कुळ कायद्यात मिळालेली: कलम ६१ खाली १५ वर्षं विकता येत नाही, मुदत संपल्याची खात्री कागदावर करा. दोन, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना सरकारनं दिलेली: १९७८ च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय तिचं हस्तांतरण बेकायदा ठरतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनं परत मागण्याची मुदतीची अडही काढून टाकली आहे. ती जमीन त्या कुटुंबांच्या हक्काची आहे, तिच्या वाटेला जाऊच नये. तीन, एकत्र कुटुंबातली, मोजणी न झालेली. यात ११-ई नकाशा (हिश्श्याच्या मोजणीचा) झाल्याशिवाय पुढचा एकही कागद करू नका.

क्रमाचं एक महत्त्वाचं. कर्नाटकात शेतजमीन भाडेपट्ट्यानं देण्यावर भूसुधारणा कायद्याच्या कलम ५ नं बंदी आहे. म्हणजे आधी महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली निवासी बिनशेती, मग भाडेपट्टा, मग त्याची नोंदणी. उलट केलं तर पट्टाच टिकत नाही. पंचायत हद्दीत ई-स्वत्तू या मालमत्ता नोंदीचा नमुना ९ आणि ११-अ हवा. नियमित नसलेल्या मालमत्तेचा ११-ब हातात असेल तर बँकेचं कर्ज धरून चालू नका. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) नियोजन क्षेत्रात जागा कुठल्या रंगात आहे तेही आराखड्यावर बघा. हिरव्यात असली तर बिनशेतीच अडते.

आणि कारखान्याच्या नावावर केआयएडीबीचा (राज्याच्या औद्योगिक वसाहत मंडळाचा) प्लॉट मोकळा पडला आहे, तिथंच घरं बांधू, असं बरेच जण सुचवतात. तो प्लॉट उद्योगासाठी दिलेला असतो. लेखी परवानगीशिवाय निवासी वापर केला तर वाटपच धोक्यात येतं.

प्रतिसाद : चिरेबंद

दर १,७५० धरलाय तो राखायचा असेल तर भिंतीवर लक्ष द्या. आपल्याकडं दोन पर्याय आहेत.

जांभा चिरा खानापूर, चंदगडकडून येतो. खाणीतून काढल्या काढल्या तो मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो. ट्रक आला की लगेच भिंत चढवायची नाही. दोन-तीन महिने रचून ठेवायचा. आयएस ३६२० प्रमाणं चिऱ्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मि.मी. आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत हवं. शोषण साइटवरच बघता येतं. चिरा कोरडा करून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ३० किलोचा चिरा ३३.६ किलोच्या वर गेला तर तो गाडा परत पाठवा. पिवळसर मातीचे डाग असलेला, नखानं खरवडला जाणारा चिरा तर मोजायचंही कारण नाही. वजन पेलणाऱ्या भिंतीत चिरा तळमजला अधिक एकपर्यंतच ठेवावा असं माझं मत आहे.

दोन मजले वर जायचं असेल तर विटेचा रॅट-ट्रॅप बाँड बघा. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ही पद्धत रुजवली. वीट आडवी न झोपवता कुशीवर उभी लावायची. नऊ इंची भिंतीत मध्ये पोकळी राहते. साधारण पाव विटा वाचतात, मसाला कमी लागतो आणि पोकळीतल्या हवेमुळं उन्हाळ्यात खोली कमी तापते. बिघडतं ते तीन ठिकाणी. गवंडी मसाला टाकताना तो पोकळीत पाडतो, पोकळी भरते, भिंत ओल आत ओढते. यासाठी पोकळीवर फळीची पट्टी ठेवून दोन्ही कडांनाच मसाला लावायचा आणि पट्टी पुढं सरकवायची. दुसरं, इलेक्ट्रिशियन नंतर येऊन छिन्नीनं खाच पाडतो आणि कुशीवरची वीट फुटते. वायरिंगचे पाइप भिंत चढतानाच पोकळीतून वर न्या, बोर्डाच्या जागा आधी खडूनं आखून घ्या. तिसरं, भट्टीची वीट एकसारखी नसते. लांबीत अर्ध्या इंचाचा फरक पडला तर वाचलेला सगळा मसाला सांध्यांत जातो. विटा घेण्याआधी २० विटा एका ओळीत लावून टेपनं मोजा, वेगवेगळ्या ढिगांतल्या चार ओळी करा.

बेळगाव भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतं. आयएस ४३२६ प्रमाणं जोत्याला, लिंटलला आणि छताला आरसीसी पट्टा सलग फिरलाच पाहिजे. कोपऱ्यात आणि टी-जोडात पोकळीत उभी सळी सोडून काँक्रीट भरायचं. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा थर आणि छताखालचा थर भरीव. पैसे वाचवायला यातलं काहीही गाळू नका. वर दोनशे माणसं झोपणार आहेत.

आपला पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यासकट येतो. उघडी वीट फोटोत छान दिसते, पण पश्चिमेच्या आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा हवाच, आणि खिडकीवर दोन फुटांचा छज्जा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच ठेवा. ती खाच नसल्यानं पाणी छज्ज्याखालून उलटं वाहत भिंतीला लागतं आणि कपाटामागं बुरशी धरते.

संडास-बाथरूमला संकन (खाली दबवलेला) स्लॅब करू नका. भाड्याच्या इमारतीत पहिली गळती तिथून येते, आणि दुरुस्तीला खालच्या बिऱ्हाडाचं छत फोडावं लागतं. दोन घरांचे संडास पाठीला पाठ लावा, मध्ये तीन बाय चार फुटांची शाफ्ट (पाइपांसाठी उभी मोकळी जागा), तिला तळाशी माणूस आत जाईल असं दार. सगळे ११० मि.मी. पाइप शाफ्टमधून, प्रत्येक मजल्यावर सफाईचं झाकण. प्लंबर कुणाच्याही घरात न जाता चोकअप काढू शकतो.

प्रतिसाद : सांबऱ्याकडचा

चिरेबंद यांचं सगळं लाल मातीला लागू. सांबरा, बसवन कुडची आणि पुढं चिकोडी, रायबाग, अथणीकडं काळी जमीन आहे, तिथं पाया वेगळा.

आधी माती तपासा. फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यानं किती फुगते ते) ५० टक्क्यांच्या वर निघाला तर साध्या पट्टी पायाचा विचार सोडा. साडेतीन ते चार मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल, खालचा फुगवटा खांबाच्या अडीच पट रुंद, वर जोत्याचा बीम. बीमखाली ८ ते १० सें.मी. मोकळी जागा ठेवायची, माती फुगली तर तिला जागा मिळाली पाहिजे. गवंडी ती जागा मुरुमानं भरून टाकतो, कारण भरलेली नीट दिसते. पहिल्याच पावसाळ्यात बीम उचलला जातो आणि दारांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा पडतात. याला खर्च जास्त येतो, ताळेबंद यांच्या ४५ लाखांत आणि १,७५० मध्ये तो नाही.

सांडपाण्याचंही तसंच. २२० माणसं, १३५ लिटर दराने दिवसाला ३०,००० लिटर पाणी, त्यातलं २४,००० लिटर गटारात. लाल मुरुमात शोषखड्डा हे पाणी पितो. काळ्या मातीत जुलैपासून तो तुडुंब भरतो आणि मैला अंगणात येतो. तिथं सेप्टिक टाकीनंतर कप्प्यांची टाकी आणि पुढं खडी भरलेला कर्दळीचा वाफा धरा, माणशी साधारण एक चौ. मीटर. म्हणजे २० गुंठ्यांतले सव्वादोन गुंठे त्यालाच गेले. हे नकाशात आधीच दाखवा, उरलेल्या कोपऱ्यात बसवायचा तो प्रकार नव्हे.

छतावरचं पाणी साठवून वर्षभर पुरवू असं अहवालांत लिहिलेलं असतं. ६२० चौ. मीटर छत, १,२०० मि.मी. पाऊस, २० टक्के वाया धरलं तर ६ लाख लिटर होतात. वीस दिवसांचं पाणी. ते बोअरच्या पुनर्भरणाला वळवा आणि नळांना एरेटर, फ्लशला ३/६ लिटरची टाकी लावा. खरी बचत तिथं आहे.

प्रतिसाद : कलम ४२

पैसे गोळा करण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. भल्या हेतूची माणसं इथं कायद्यात अडकतात.

'गावातल्या पाचशे लोकांकडून दहा-दहा हजार घेऊ, वर्षाला ६ टक्के देऊ' हे ठेवी घेणं झालं. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे, आणि कर्नाटकाचा ठेवीदार संरक्षणाचा २००४ चा कायदा वेगळा. हेतू चांगला होता हा बचाव होत नाही.

प्रायव्हेट कंपनी काढून खाजगी वाटपानं शेअर किंवा रोखे देता येतात: वर्षाला एका प्रकारच्या रोख्यासाठी २०० पेक्षा जास्त लोकांना विचारायचं नाही, आणि जाहिरात करायची नाही. व्हॉट्सअप गटावर टाकलेलं पत्रक ही जाहिरातच. नावानिशी ऑफर लेटर, पैसे बँकेतूनच, वेगळ्या खात्यात. धीराच्या भांडवलाला मला रिडीमेबल प्रेफरन्स शेअर (ठरल्या मुदतीनंतर पैसे परत करायचे शेअर) योग्य वाटतात. मुदत २० वर्षांपर्यंत ठेवता येते आणि लाभांश नफा असेल तरच द्यायचा असतो, त्यामुळं पहिल्या दोन वर्षांत घरं भरेपर्यंत कंपनीचा गळा आवळला जात नाही.

संस्था काढायची असेल तर सभासद कुठले ते बघा. सभासद बेळगावचेच असतील तर राज्याचा सहकार कायदा पुरे. चंदगड, कागल, गडहिंग्लजचे कामगारही सभासद हवेत तर २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली जावं लागतं, आणि नोंदणीच्या अर्जावर दोन्ही राज्यांतल्या किमान ५०-५० जणांच्या सह्या लागतात.

सोशल स्टॉक एक्सचेंजचं (सामाजिक संस्थांसाठी शेअर बाजारातला विभाग) नाव ऐकून बरेच जण खूश होतात. स्वस्त घरं हा तिथं पात्र विषय आहे. पण बिगर-नफा संस्थेला तिथं मिळतो तो झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोखा. त्यात व्याज नाही, मुद्दलही परत नाही. ती नोंदणीकृत देणगी आहे. ताळेबंद यांच्या ६० लाखांच्या डब्यात ती बसते, २.२० कोटींच्या नाही.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं, तर पूर्ण वेगळं. कारखान्याला स्वतःच्याच कामगारांच्या घरांवर सीएसआर खर्च दाखवता येत नाही, नियमातच तसं आहे. परताव्याची अपेक्षा ठेवता येत नाही. आणि त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता गुंतवणूकदारांना लाभांश देणाऱ्या कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती कलम ८ ची (बिगर-नफा) कंपनी, नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सरकारी यंत्रणा अशांकडंच राहिली पाहिजे. त्यामुळं सांडपाण्याचा प्रकल्प, बालवाडी, अभ्यासिका ट्रस्टच्या नावावर करा, शेजारच्या वस्तीलाही खुली ठेवा, आणि घरांची कंपनी ट्रस्टला चालवण्याचा खर्च दर महिन्याला देत राहील असा करार करा.

अनुदान हप्त्यांनी आणि उशिरा येतं. ते स्लॅबच्या पैशात कधीच धरू नका. दुसरा स्लॅब भरायच्या आठवड्यात हप्ता अडला की सेंटरिंगचं भाडं चढत राहतं आणि कंत्राटदार माणसं दुसरीकडं हलवतो. अनुदान थांबलं तरी चालेल अशा कामांवर लावा. उलट धीराचं भांडवल आधी वापरा, बँकेचं कर्ज शेवटी उचला, व्याज तेवढं कमी पडतं.

प्रतिसाद : निपाणीहून

भाड्याचीच का? आमच्याकडं बिडी कामगार बायांना मालकीचं घर हवं असतं. सोलापूरला कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं कुंभारीला रे नगर झालं. ३० हजार घरांचा प्रकल्प, १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५ हजार घरं दिली. तिथं जमलं ते इथं का नाही?

प्रतिसाद : ताळेबंद

रे नगर अभ्यासण्यासारखंच आहे, पण तिथले दोन आधार विसरू नका. घराच्या किमतीतला मोठा भाग केंद्र आणि राज्याच्या अनुदानाचा होता. आणि संघटना अनेक वर्षं पाठीशी उभी होती. शिवाय बिडी घरी बसून वळली जाते. वस्ती शहराबाहेर गेली तरी काम बाईच्या मांडीवरच्या सुपात राहतं. फौंड्रीच्या दुसऱ्या पाळीच्या माणसाला ते चालत नाही. रात्री सुटल्यावर सायकलनं घरी जाता आलं पाहिजे. माझ्या मते तीन किलोमीटरच्या पुढं जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. निपाणीच्या बिडी कामगारांसाठी मालकीच्या घरांचा मार्ग बरोबर, मच्छेच्या कंत्राटी पोरांसाठी भाड्याचा.

मालकीसाठी प्रधानमंत्री शहरी आवास योजना २.० मध्ये व्याज अनुदान आहे: कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत; पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच हप्त्यांत. अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. पगाराचा अर्धा भाग रोख मिळत असेल तर कर्ज देणारा स्लिपवरचाच आकडा धरतो. युनियननं सगळा पगार खात्यात घ्यायला लावणं हे घरकुलाचं पहिलं काम आहे.

प्रतिसाद : दुसरी पाळी

भाडेकरूच्या बाजूचंही कलमांत येऊ द्या. कारखान्यानं अख्खी इमारत भाड्यानं घेतली तर पोराची नोकरी गेली त्या दिवशी घरही जातं. मग ओव्हरटाइमचे पैसे बुडवले तरी तो तोंड उघडत नाही. करार थेट कामगाराशी करा. नोकरी सुटली तरी ९० दिवस घर सोडायला लावायचं नाही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नाही. भाडेवाढ मालकाच्या मनावर न ठेवता किमान वेतनाच्या व्हीडीएला (बदलत्या महागाई भत्त्याला) बांधा. दर १ एप्रिलला तो बदलतो, पगार जेवढे टक्के वाढला त्याच्यावर भाडं जायचं नाही. गुंतवणूकदारांच्या करारात हे लिहिलेलं असलं तर पुढचा संचालक बदलू शकत नाही.

प्रतिसाद : कलम ४२

करार थेट कामगाराशी करण्याला करानंही साथ दिली आहे. राहण्याचं घर नोंदणी नसलेल्या माणसाला राहायला भाड्यानं दिलं तर जीएसटी नाही. तेच घर जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्यानं घेतलं तर जुलै २०२२ पासून त्याला रिव्हर्स चार्जनं १८ टक्के भरावे लागतात. वसतिगृहाला जुलै २०२४ पासून सूट आहे: माणशी महिना २०,००० च्या आत आणि सलग किमान ९० दिवस राहणं. म्हणून कॉटचा करार तीन महिन्यांच्या आतला करू नका. बांधकामावर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही, तो १,७५० च्या दरात धरलाय ना हे ताळेबंद यांनी सांगावं.

प्रतिसाद : ताळेबंद

धरलाय. 'दुसरी पाळी' यांची सूचना व्हीडीएची, ती करारात घालण्यासारखी आहे. फक्त माझ्या पाचव्या वर्षाच्या आकड्याला धक्का बसतो: भाडं ५ ऐवजी ३ टक्क्यांनीच वाढलं आणि खर्च ५ टक्क्यांनी वाढत राहिला, तर धीराच्या भांडवलाला ४.९ ऐवजी साधारण ३.७ टक्के मिळतील. हा आकडा ऑफर लेटरमध्ये पहिला छापा, चांगला आकडा नंतर. हप्त्याचे सहा महिन्यांचे पैसे, ८.४ लाख, वेगळ्या खात्यात ठेवा. साठ कॉट पहिल्या महिन्यात भरत नाहीत.

प्रतिसाद : चिरेबंद

वेळापत्रकाचं राहिलं. बिनशेती आणि नकाशा पावसाळ्यात उरका, दिवाळीनंतर पाया. जोतं जानेवारीपर्यंत, भिंती आणि पहिले दोन स्लॅब मार्चपर्यंत. एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या यात्रा असतात, गवंडी आणि सेंटरिंगवाले आठ-दहा दिवस येत नाहीत, आणि त्यातच वळवाचा पाऊस. शेवटचा स्लॅब १५ एप्रिलच्या आत भरला तर जूनमध्ये आतला गिलावा, प्लंबिंग करता येतं. नाही भरला तर ऑक्टोबरपर्यंत काम रखडतं आणि व्याज चालू राहतं. चिरे वापरणार असाल तर त्यांची ऑर्डर आधीच्या मेमध्येच द्या आणि ताडपत्रीखाली रचून ठेवा, पावसात खाणी बंद असतात.